‘से’, ‘टेल’ आणि दळवी सरांचा एक रविवार

दळवी सरांना मी प्रथम पाहिले ते महाडच्या शाळेत, आठवीच्या पहिल्याच दिवशी. त्यांनी फळ्यावर ‘से’ आणि ‘टेल’ हे दोन इंग्रजी शब्द लिहिले आणि तास संपेपर्यंत तिसरा लिहिला नाही. पोलादपूरच्या पुढच्या वाडीतून एसटीने धक्के खात आलेल्या मला वाटले, या चालीने दहावीपर्यंत आपले वीसच शब्द होणार.

सर आज पंच्याहत्तर वर्षांचे झाले, तरी त्या दोन शब्दांविषयी तेच सांगतात. ‘से’ म्हणजे म्हणणे. त्यात शब्द महत्त्वाचे, ऐकणारा असो वा नसो. त्याला आणायचेच तर मध्ये ‘टू’ हवा. ‘टेल’ म्हणजे सांगणे, आणि त्याला लगेच माणूस लागतो: मला, तुला, तिला. खोटे सांगताना किंवा गोष्ट सांगताना ‘टेल’ माणसावाचूनही चालतो, हे एका मुलीने दाखवून दिले, तेव्हा सरांनी स्वतःचाच नियम खोडून दुरुस्त केला. उशिरा येणाऱ्यांवर मात्र ते फार चिडत. कशेडी घाटात दरड कोसळल्याची सबब त्यांना उन्हाळ्यातही ऐकावी लागे.

घरात कानावर पडलेले एक वाक्य दर शनिवारी जसेच्या तसे वर्गात आणायचे आणि तिथे ‘से’ बसेल की ‘टेल’ हे सगळ्यांनी ठरवायचे, ही त्यांची पद्धत. नववीत मी वडिलांचे वाक्य नेले: “हिला दिवाळीनंतर आत्याकडं मुंबईला धाडायची हाय. दहावी नाय करायची.”

वर्ग ‘टेल’ म्हणाला. हे वडिलांनी तुला सांगितले का, असे सरांनी मला विचारले. नाही, ते आईला म्हणाले, मी पडवीत होते, असे मी उत्तर दिले. सरांनी खडू खाली ठेवला आणि पुढच्या मुलीला उभे केले.

दुसऱ्या दिवशी रविवारी सर आमच्या घरी आले. चहा घेतला, भाताची चौकशी केली. मग वडिलांना म्हणाले, “निर्णय तुमचा आहे. फक्त तो मुलीला तुम्ही स्वतः सांगा. मी बसतो.”

वडिलांनी माझ्याकडे दोनदा पाहिले. सर बसूनच राहिले. शेवटी वडील गुरांना पाणी पाजायला उठून गेले. आत्याकडे मी गेले नाही, आणि सरांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आज मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. शनिवारची वाक्ये चालू आहेत. सर मला वडिलांइतकेच प्रिय आहेत, हे लिहायला मात्र मी त्यांच्या पंच्याहत्तरीचा हा गौरवग्रंथ निघेपर्यंत थांबले.

समारंभाची पत्रिका वडिलांना वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “मास्तरांना सांग, त्या दिवशी ते आले ते बरं झालं.”

तुम्हीच सांगा, असे मी म्हटले. काठी टेकत का होईना, ते येणार आहेत. सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि त्यांची शंभरीही आपण सर्वांनी मिळून साजरी करावी, ही मनापासून इच्छा. वडिलांना शब्द सापडायला वेळ लागतो. सर थांबतील, त्या रविवारीही थांबले होते.