शाळा उघडली हाय

रघुनाथकाकांनी अचानक इंजिन बंद केले, तेव्हा आमची बोट धरणाच्या काठापासून बरीच आत होती. बोटीत सहा पाहुणे, सहा गळ, काका आणि मी.

"थांबवलंत का? पॉइंट तर पुढे आहे," अंबाजोगाईहून आलेले डॉक्टर म्हणाले.

"फुडं न्हाई जायचं," काका म्हणाले.

मी हातातला नकाशा पाहिला. तो मीच तयार केला होता. पुढे आठ फूट पाणी होते. माणसे बसल्यावर बोटीचा जेवढा भाग पाण्याखाली जातो त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमचा ड्राफ्ट जेमतेम दीड फूट होता.

"काका, आठ फूट आहे. चला."

मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी माजलगाव तालुक्यातील एका मच्छीमार सोसायटीत सल्लागार म्हणून रुजू झाले होते. मृग कोरडा गेला होता. पाणी आटल्यामुळे जाळी बंद होती. हौशी लोकांना गळाने मासेमारीसाठी सामायिक बोटीतून नेण्याची कल्पना माझी. ही पहिली फेरी सुखरूप परतली तरच पुढच्या फेऱ्यांना परवानगी, असे चेअरमनांनी स्पष्ट बजावले होते.

काकांनी बांबू उचलला, बोटीच्या नाकापुढे पाण्यात घातला. फूटभर आत गेला आणि दगडावर आपटला. ठक.

"ही शाळंची भिंत," ते म्हणाले. "म्या तुमाला फोनवर सांगितलं हुतं."

सांगितले होते, हे खरेच. शुक्रवारी त्यांचा फोन आला होता: "मॅडम, शाळा उघडली हाय. रविवारी जमायचं न्हाई." जून महिना होता. मी उत्तर दिले, "काका, रविवारी शाळेला सुट्टीच असते. मुलांना घरी ठेवा आणि या." काका म्हणाले, "बरं. पन बोट हळू चालवीन."

धरणात गेलेल्या जुन्या गावाच्या खुणांवरूनच इथले मच्छीमार पाण्यातल्या जागा ओळखतात. पाणी उतरून एखादी भिंत बोटीला लागेल इतकी वर आली, की ती जागा 'उघडली'.

"मग स्पष्ट का नाही बोललात?"

"सुट्टीचं ऐकून मला कायबी उमगलं न्हाई. म्हनलं, शिकल्याली मानसं, काई हिशेब असंल."

डॉक्टर हसले. मग त्यांनी पायाशी ठेवलेले लाइफ जॅकेट उचलले आणि मुकाट्याने अंगात घातले. सकाळपासून मी त्यांना तीन वेळा सांगितले होते.

माझा हिशेब होता, पण अपुरा. इको साउंडर हे यंत्र ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजते. मी दर वीस मीटरवर एक रीडिंग घेतले होते. एक रीडिंग नेमके वर्गाच्या जमिनीवर पडले: आठ फूट, अगदी बरोबर. सात फुटांची भिंत दोन रीडिंगच्या मधे राहून गेली. पूर्ण वेगात असतो तर बोटीचा तळ फाटला असता.

काकांनी वल्ह्याने बोट मागे घेतली आणि नांगर टाकला. "मासळी भिंतीच्या सावलीला असती. हितून फेका. पन एकानं फेकला की दुसऱ्यानं थांबायचं, न्हाईतर गळात मासा सोडून मानूसच घावायचा."

तासाभरात डॉक्टरांच्या गळाला चांगली हातभर मरळ लागली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे ती पुन्हा पाण्यात सोडायची होती. त्यांनी फोटो काढला, दीर्घ निःश्वास टाकला आणि सोडली.

दुपारी आठही जण कोरड्या कपड्यांनी काठावर उतरलो. चेअरमनांना मी सगळे सांगितले, माझी चूकही. ते काकांकडे वळले, "काय रे रघू, मॅडमला परत बोटीत घेशील का?"

"घिऊ की. शाळा शिकल्यात आता."

परवानगी मिळाली. नकाशावर आता खोलीशेजारी आणखी एक रकाना आहे: 'काय उघडले'. तो दर शुक्रवारी काकांना विचारून भरते.

सामायिक बोटीत बसण्यापूर्वी विचारून घ्या: जॅकेट आपल्या मापाचे आहे का, गळ कोणत्या क्रमाने टाकायचा, मासा घरी नेता येतो की सोडायचा. त्यानंतर नकाशा बाजूला ठेवून बोट चालवणाऱ्याला विचारा, आज काय काय उघडले आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर काठावरूनही गळ टाकता येतो.