मी म्हटलं मोसम, त्यांनी ऐकलं भलतंच

मंडळी, काल एक घोळ करून बसलेय.

ऑफिसातल्या कवितासोबत इथल्या नुंगंबाक्कम भागात एका छोट्या हॉलमध्ये तमिळ सिनेमा पाहिला. दिग्दर्शक स्वतः हजर होते. त्यांचा कॅमेरा जागचा हलतच नाही. एन्नोरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी, मागे धुराडी, आणि वर्षभर बदलत जाणारं आभाळ. बस. ते आभाळ मला फार आवडलं.

नंतर त्यांनी माझं मत विचारलं. मी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "सर, तुमच्या सिनेमात सगळीकडे मोसम आहे."

दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. कविता कानात पुटपुटली, "अगं, तमिळमध्ये मोसम म्हणजे वाईट."

मी काही बोलणार, तोच दिग्दर्शक म्हणाले, "उत्तरार्ध ना? मलाही तीच शंका होती. कापतो." आणि त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

मी चूक सुधारली नाही. कारण उत्तरार्धात मला खरंच डुलकी लागली होती.

आता धास्ती वाटतेय, कापाकापीत ते आभाळच गेलं तर? कविताकडे त्यांचा नंबर आहे. काय कळवू, माझा मोसम मराठीतला होता की तमिळमधला?