रोझच्या आईला काय सांगायचं?

बायांनो, एक विचारायचं आहे, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या वरच्या खोलीत केनियाची रोझ भाड्याने राहते. आईच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी तिला घेऊन आलीय. वाशीच्या एका कॉलेजात रोझला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा सगळ्यात जास्त खूश तिची आईच होती.

आज मी रोझसोबत व्हिसाच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब समजुतीने बोलले, "पेशंटसोबत राहायच्या व्हिसावर शिकता येत नाही, आणि तो इथे बदलूनही मिळत नाही. मायदेशी जाऊन विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल."

"किती दिवस लागतील?"

"दोनेक महिने धरा."

डॉक्टरांनी तिच्या आईचे तेवढेच दिवस सांगितलेत.

रिक्षात रोझ म्हणाली, "मावशी, मी आईला सोडून नाही जाणार. कॉलेजला तुम्हीच फोन करा." मी केला.

घरी रोझच्या आईने खुणेनेच विचारलं, काय झालं? रोझ हसली, तिने मान डोलावली. म्हातारी माझे दोन्ही हात धरून आनंदाने रडली. मी तिचे डोळे पुसले.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?