घंटी वाजू देणारे सर

सरांसमोर फोन वाजला की नवख्या माणसाचा जीव टांगणीला लागायचा. हात लांब करायचा नाही. "वाजू दे की गं," सर चहा ढवळत म्हणायचे. "समोरच्याला बोलायचंय का नुसती घंटी द्यायची हाय, ते तर कळू दे." इंटरनेटचं सेंटर चालवायला आलेला इंजिनिअर फोन उचलत नाही, हे हिंगोलीत आधी कुणाला खरंच वाटलं नाही.

ती जागा आधी एसटीडी बूथची होती आणि मी तेव्हापासून तिथं बसत होते. बूथचे मालक शेठ, त्यांनी बूथ बंद करून इंटरनेट आणलं. टर्मिनल सर्व्हर नावाचा एक काळा डबा, त्याला मोडेमांची रांग आणि प्रत्येक मोडेमला एक फोनची लाइन. गिऱ्हाईक घरच्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचं, मोडेम तो उचलायचं आणि किंचाळून किंचाळून जोडणी व्हायची. शेवटच्या मोडेमला बूथची जुनी लाइन दिली, आणि घोळ तिथंच झाला. आमच्या गल्लीची निम्मी खबरबात त्या नंबरावर यायची, तीही न बोलता. खेड्यातल्या फोनला खरखर इतकी की बोललेलं काही कळायचं नाही. घंटी मात्र साफ यायची. एकदा वाजून थांबली की माणूस सुखरूप पोचलं. थांबून लगेच पुन्हा वाजली की निघून या. घंटी कुणाची, ते वाट बघणाऱ्याला बरोबर कळायचं.

डबा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला हे कोण सांगणार? त्यानं सगळी मोडेमं पहिल्याच घंटीला उचलतील अशी करून ठेवली. मग नरसीची एक आजी तरातरा सेंटरात आली. "जयभीम सर. तुमच्या फोनात कोण वरडून राहिलं?" सर हसले नाहीत. त्यांनी तिला बसवून सगळं विचारून घेतलं आणि त्या एका लाइनवरचं मोडेम बऱ्याच घंट्यांनंतर उचलेल असं केलं. शेजारी माझा बूथमधला जुना लाल फोन जोडून ठेवला.

शेठ वैतागले. "सगळ्या दुनियेत मोडेम पटकन उचलतं, आपलंच काहून झोपून राहिलं?"

"शेठ, दुनियेला आपल्या गल्लीची तकलीफ न्हाई," सर म्हणाले.

माझी अक्का तेव्हा शिरड शहापूरला सासरी होती. दिवस भरले होते, आणि पहिल्या खेपेला लेकरू हाती लागलं नव्हतं. कळा सुरू झाल्या की दाजी घंटी देणार आणि आम्ही गाडी घेऊन निघणार, असं ठरलं होतं. मी दिवसभर त्या लाल फोनकडे बघत बसायची.

त्या दुपारी लाइट गेली आणि आली. लाइट आली की सर दुसऱ्या फोनवरून प्रत्येक मोडेमला फोन लावून बघायचे, ही त्यांची खोड. शेवटच्या मोडेमनं पहिल्याच घंटीला उचललं. सरांचा चेहरा उतरला. केलेला बदल डब्यात कायमचा साठवायचा राहून गेला होता; लाइट गेली तशी डब्याची आठवणही गेली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ त्या मोडेमची वायर उपसून काढली.

"सर, गिऱ्हाईक तुटंल!" शेठ ओरडले.

"तुटू द्या. गिऱ्हाईक परत जोडता येतंय."

लाल फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मी उठले. शेठनी आपल्या जीपची चावी ड्रायव्हरकडे फेकली. संध्याकाळी दवाखान्यात अक्काची मुलगी टाहो फोडून रडली, तेव्हा कुठं मला नीट श्वास घेता आला. दाजी म्हणाले, "आदी लावला तर कोणतरी किंचाळलं. घाबरून ठेवूनच दिला. मग पुन्हा लावला."

पुढे सरांना नागपूरला चांगली नोकरी लागली. निघताना मला रडू आवरेना. "पोचलो की घंटी देतो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाल फोन एकदा वाजून थांबला. मी उचलला नाही, शेठनी उचलला नाही, आणि मोडेमही गप्प राहिलं. सरांनी नंतर वायर परत लावून कायमची साठवलेली ती सेटिंग शेठनी कुणाला बदलू दिली नव्हती.

"पोचले बरं का," शेठ म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.