गळालेल्या केसाचे पैसे

लेकराला ताप आला की बाकीच्या बायांला काय आठवत असंल ते असो, मला आधी जीपचं भाडं आठवतं. पोरीच्या कपाळावर हात ठिवला अन् गरम लागलं की माहं ध्यान आपोआप पैशाच्या डब्याकडं जातं, काही हाय का न्हाई त्याच्यात. पयले मी अशी नव्हते. गेल्या पावसाळ्यापासून झाले.

तवा पोरगी चार महिन्याची बी नव्हती. दिवस मावळायला तिला ताप चढला. घरात मी अन् माही सासू, दोघीच. नवरा हिंगोलीला सेंट्रिंगच्या कामावर असतो, तिकडंच राहतो, शनवारच्या शनवार येतो, हप्ता आनतो अन् सोमवार उजाडंपोतर तो हप्ता किराना-दळनात सरून बी जातो. त्याला फोन लावला तर म्हने फोनवर टाकतो पैसे, पन माहा फोन बटनाचा, त्याच्यात कुठून येनार पैसे. जीपवाल्यानं एक डाव फुकट बी नेलं असतं, वळखीचा हाय, पन डॉक्टरपुढं रिकाम्या हातानं कसं उभं राहावं. म्हनून सासू पदर खोचून घरोघर हिंडली अन् मी पोरीला घेऊन फाट्यावर उभी राहिले. कोनी म्हनलं न्हाई, कोनी म्हनलं सकाळी देतो. ती कसेबसे पैसे घेऊन पळत आली तवर शेवटची जीप गेलती. तिचा मागचा लाल दिवा मला दिसून राहिलता, लहान लहान होत गेला. सकाळी नेलं पोरीला, बरी झाली, पन तो दिवा काही माह्या डोळ्यातून जाईना.

तवाच म्या ठरवलं का घरात एक जायाचं-यायाचं भाडं अन् डॉक्टरची फी, येवढं तरी माह्या हातचं पाहिजे, कोनाच्या दारात न जाता.

मी सातवीतून शाळा सोडलेली. तोंडी हिशोब येतो मला, पन पैसा साठवायचा कसा हे शाळेत कोनी सांगतलं न्हाई, निदान सातवीपोतर तरी न्हाई. मंग जे सुचलं ते केलं. भाकरी थापताना परातीतलं मूठभर पीठ परत डब्यात टाकायचं. कपड्याचा साबन दोऱ्यानं मधून कापायचा अन् अर्धा लपवून ठिवायचा. भाजी इकत घ्यायची न्हाई, बांधावरचा तरोटा, तांदुळजा खुडून आनायचा. गोवऱ्या इकाव्या म्हनलं तर आमच्याकडं ढोर न्हाई अन् दुसऱ्याचं शेन उचललं का भांडन. वाचलं, न्हाई असं न्हाई. पन महिना सरला अन् बघते तर काय, पीठ उरलं म्हनून दळन चार दिवस उशिरा गेलं, साबन उरला म्हनून साबन उशिरा आनला, बस. हातात रुपया न्हाई. वाचलेलं घरातच जिरून जातं, हे मला तवा समजलं. जीपवाल्याला भाड्यापायी पीठ देता येत न्हाई.

अन् त्याच दिवसात माहे केस गळायला लागले. फनी लावली का मूठभर हातात. भाकरीत केस, पानी प्यायाच्या तांब्यात केस, पोरीच्या मुठीत केस. मला लई भेव वाटायचं. वाटायचं मीच अशी थोडी थोडी गळून चाललेय, एक दिवस सरून जाईन अन् हे लेकरू कोनापाशी राहील. सासू म्हने, "लेकरू मायकडं बघून हासाया लागलं का मायचे केस गळतात. समद्याच बायांचे गळतात, तू काही येगळी न्हाईस." अन् गळालेला गुंता थुकून चुलीत टाकायचा, ही तिची शिस्त. बाहीर टाकायचा न्हाई, कोनाच्या हाती लागू द्यायचा न्हाई.

मंग एक दिवस गल्लीत केसवाला आला. मोटारसायकलीला स्टीलचे डबे बांधलेले, पुढं भोंगा, त्याच्यात आवाज भरलेला, केस आना, भांडे न्या. मी दारातूनच इचारलं, "रोख देता का?" तो म्हनला देतो, पन कमी पडतील, भांडं परवडंल. अन् म्हनला केस वल्ले ठिवू नका, चुलीत घालू नका, जमा करा, मी फिरून येतो.

त्या दिवसापासून मी गुंता पिलास्टिकच्या पन्नीत भरून छपराच्या टिनाच्या फटीत खोचायला लागले. सासूनं बघितलं, तोंड वाकडं केलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पन्नी फुगत गेली. हिवाळा सरत आला तवा तो परत आला.

सासू ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिलती, सोलता सोलता दाने तोंडात टाकून राहिलती. म्या पन्नी काढली तशी ती बोललीच.

"ये बाई, कोनाच्या हाती देऊन राहिली? केस म्हंजे आपलं आंगच असतंय. कोनी करनी केली म्हंजे?"

केसवाला म्हनला, "मावशी, पोतंभर बायांचे केस हायत माह्याकडं. करनीवाल्यानं कोनाकोनाला करावी? थकून जाईल तो."

"तू गप रे मुडद्या. तुह्या डोक्यावर तर एक न्हाई, तुला काय भेव?"

त्यानं टोपी काढून टक्कल दाखवलं. "म्हनून तर दुसऱ्याचे जमा करून राहिलो, मावशी."

मला हासू बी आलं अन् भेव बी वाटलं. मी सासूपाशी बसले अन् हळूच म्हनलं, "आत्या, तुमी पैसे मागायला हिंडल्या तो दिवस आठवतो का?"

तिनं दोन-चार शेंगा सोलल्या. मंग म्हनली, "दे. पन थांब." पन्नी हातात घेतली, माह्या डोक्यावरून उतरवली, पोरीवरून उतरवली, पन्नीवर तीन डाव थुकली अन् त्याच्यापुढं टाकली.

त्यानं सोनाराच्या काट्यासारखा बारका काटा काढला. माती हाय म्हनला, तुटके केस हायत म्हनला, भाव पाडून राहिला. मी बी हटले न्हाई. आखरीला म्हने, "ताई, अजून एक डाव इचार करा, हा तांब्या न्या, जलमभर पुरंल."

"तांब्या जीपवाला घेत न्हाई," म्या म्हनलं.

त्यानं रोख दिले. जायाचं भाडं, यायाचं भाडं अन् डॉक्टरची फी, बराबर तेवढेच. जाताना म्हनला, उद्या गोरेगावच्या बाजारात बसतो, कोनाचे असतील तर पाठवा. म्या पैसे फडक्यात बांधून डब्यात ठिवले. लई दिवसांनी मला श्वास पोटापोतर घेता आला.

दुसऱ्या दिवशी पोरगी उठलीच गरम.

सासूनं तिच्या गळ्याला हात लावला अन् मटकन खालीच बसली. "माहंच चुकलं," म्हने, "मी थुकले, पन तोंड उष्टं व्हतं. तुरीचे दाने खात व्हते ना मी. उष्ट्या तोंडाचं थुकनं काय लागू व्हतंय." मला वाटलं व्हतं ती मला बोलंल, शिव्या देईल, ते मला चाललं असतं. पन ती सोतालाच मारून राहिलती कपाळावर, ते मला बघवंना.

मंग उठली. "पैसे घे अन् चाल गोरेगावला. त्याचे पैसे त्याच्यापुढं टाकू अन् आपले केस घेऊन येऊ. पोरीचा ताप तिथल्या तिथं उतरंल बघ."

"अन् मंग डॉक्टरला काय देऊ, आत्या?"

"डॉक्टरच्या हाती असतंय का हे?"

मला सांगता आलं असतं का असं काही नसतंय, सातवीपोतर तरी शिकलेली हाय मी, पन माह्या मनात बी तेच चाललं व्हतं. काल केस गेले, आज ताप आला. पोरीला दोन झबले घातले, सूटर घातला, वरून गोधडीत गुंडाळली अन् आमी दोघी फाट्यावर आलो. एका बाजूला गोरेगाव, एका बाजूला हिंगोली, अन् माह्या मुठीत एकच फडकं. ते एका बाजूलाच पुरनार व्हतं. केस घेतले तर डॉक्टर न्हाई, डॉक्टर केला तर केस न्हाई.

जीप गोरेगावचीच आधी आली. सासू चढली. म्या बी एक पाय ठिवला पायरीवर. तेवढ्यात पोरीनं मान टाकली माह्या खांद्यावर, अशी सैल, जसं मानंत हाडच न्हाई. रडंना बी. रडली असती तर बरं वाटलं असतं. म्या पाय खाली घेतला.

"आत्या, मी हिंगोलीला जाती."

जीपवाला वरडला, "बसा ना बाई, का वाजंत्री लावू?"

सासू माह्याकडं बघून राहिली. मला वाटलं आता ती उतरंल अन् हात धरून वढंल मला. तिनं कमरंचा बटवा काढला, तंबाखूचे पैसे असतात तिच्या त्याच्यात, हातानंच चाचपून बघितला. मंग म्हनली, "तू तिकडं जाय. मी इकडं जाती. एकानं न्हाई तर एकानं तरी उतरंल." अन् जीपवाल्याला म्हनली, "चाल रे."

मी कधी एकटी हिंगोलीला गेले नव्हते. नवऱ्याला फोन लावला, पन कामावर असला का त्याला आयकू येत न्हाई. जीपीत मी पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसले, श्वास लागतो का न्हाई बघत, सगळ्या रस्त्यानं. बाजूच्या बाईनं काही इचारलं, मला आयकूच आलं न्हाई. दवाखान्यात नंबर लागंपोतर मी उभीच राहिले, बसले तर काही व्हईल असं वाटून राहिलं.

डॉक्टरीनबाईनं बघितलं अन् आधी वरडल्याच. "एवढ्या तापात एवढं गुंडाळलं काहून? काढा सगळं." गोधडी काढली, सूटर काढला, नर्सनं वल्ल्या फडक्यानं आंग पुसलं. घसा लाल हाय म्हनल्या, औषध दिलं, एक तिथंच पाजलं. मंग माह्या डोळ्याची खालची पापनी वढून बघितली अन् म्हनल्या, "तुमच्या अंगात रक्तच न्हाई ताई. सरकारी दवाखान्यातून गोळ्या घ्या, फुकट भेटतात. केस बी गळत असतील?" मी नुस्ती मान हालवली.

फी दिली तवा फडक्याची गाठ माह्याच्यानं सुटंना, नर्सनं सोडवली. नोटा तिच्या हातात गेल्या अन् मला धस्स झालं का आता ते केस परत येत न्हाईत. मी पोरीला छातीशी धरून बाकड्यावर बसले. किती येळ बसले काय म्हाईत. मंग माह्या गळ्याला वल्लं लागलं. तिला घाम सुटला व्हता. डोळे उघडून ती माही पोत वढून राहिलती.

उरलेल्या भाड्यात मी फाट्यावर आले. सासू तिथंच दगडावर बसलेली, घरी गेलीच नव्हती. उठून समोर आली अन् दुसरं काहीच न इचारता पोरीच्या कपाळावर हात ठिवला. तसाच ठिवून राहिली.

"उतरला," म्हनली. "कधी उतरला?"

"दुपारून."

"दुपारूनच भेटले मला." तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर केस. "लई तकलीफ झाली बाई. त्यानं समद्या बायांचे केस एका पोत्यात कोंबले व्हते. म्हने मावशी, ह्याच्यातून कसे काढता? म्या पोतं बाजारातच उपसलं. मानसं जमा झाली, हासू लागली. हासा म्हनलं. धुंडून धुंडून काढले. यायाचं भाडं सोडून बटवा रिकामा करून घेतला त्यानं, तवा दिले." माह्यापुढं धरले. "हेच ना तुहे? हातानं वळखले म्या. तुही येनी घातली न्हाई का बाळंतपनात?"

मी हातात घेतले. माहे केस काळे हायत अन् बारीक. हे जाड व्हते, अन् उजेडात धरले तर लाल दिसून राहिलते, मेंदी लावल्यावानी. माह्या डोक्याला जलमात मेंदी लागली न्हाई. कोना बाईचे व्हते काय म्हाईत, कोन्या गावची, तिचं बी लेकरू असंल का.

सासूचे डोळे बाजारातल्या धुळीनं लाल झाले व्हते. दिसभर तंबाखू न्हाई तोंडात.

"व्हय आत्या," म्या म्हनलं, "माहेच हायत."

तिनं तिथंच चार काटक्या जमवल्या, काडी लावली. चूळ भरून आली समोरच्या हाटेलातून, दोन डाव, तोंड धुवून, मंग थुकली अन् केस त्याच्यात टाकले. वास सुटला तसं मी मनात म्हनलं, जिचे असतील तिचं बी लेकरू चांगलं राहो.

गावाकडं चालायला लागलो. पोरगी आता सासूच्या कडेवर, तिचा कान वढून राहिलती. सासूनं इचारलं, "पैसे उरले का काही?"

"एक बी न्हाई."

"बरं झालं," म्हनली. "त्या पैशातलं काही घरात यायला नको."

तिला बरं वाटलं, अन् माहं ध्यान परत डब्याकडं गेलं. डबा रिकामा. परत ताप आला तर. तिनं माह्या मनातलं आयकलं असंल, कारन ती पुढं बघतच म्हनली, "वसमतकडच्या शेतात हळद काढून राहिलेत. मालकानं नांगर फिरवला का मागं राहिलेली येचू देतात. उकडून वाळवून इकली तर हळदीला पैसा हाय. तू जाय बायांसंगं. पोरगी मी धरती."