पालथी पायरी

मंद्रूपच्या जुन्या बारवेवर मी शरणाप्पा अण्णांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पायरीवर आडवे होऊन दगडाला कान लावत होते. हातोडीच्या दांड्याने टकटक करायचे, ऐकायचे आणि पुढच्या दगडाकडे सरकायचे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे नकाशे करणं हे माझं काम. नकाशात मी तीन दगड खराब म्हणून लाल केले होते. अण्णांनी दोन मान्य केले, तिसऱ्यावर हात ठेवून "ह्यो ठणठणीत हाय" म्हणाले आणि मी खूणही न केलेल्या एका दगडाकडे बोट दाखवलं. तो काढला, तर आतून पार भुसभुशीत निघाला. त्या दिवसापासून अण्णांनी तपासल्याशिवाय माझा एकही नकाशा पक्का झाला नाही.

अण्णा वळसंगचे, पिढीजात पाथरवट. साठी ओलांडलेली, अंगाने काटक. घरात कानडी, आमच्याशी मराठी. "दगडाला इचारल्याबिगर टाकी लावायची न्हाय," हे त्यांचं नेहमीचं. एखादा ठेकेदार मागे लागला, की ते हातातली टाकी, म्हणजे छिन्नी, खाली ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "लई घाई असंल तर सिमेट वता की. दगूड कशाला पायजे?"

चीनमधल्या एका जुन्या गावात दगडी पायऱ्यांच्या दुरुस्तीची कार्यशाळा होणार होती. गावाला लागूनच ताओ पंथाचा पवित्र डोंगर. प्रत्येक देशाने स्वतःच्या हाताने काम करणारा एक कारागीर आणावा, अशी अट होती. मी अण्णांना विचारलं. तिथे देव आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. डोंगरभर देवळं आहेत म्हटल्यावर तयार झाले. हैदराबादच्या पुढे कधी न गेलेला हा माणूस कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आपल्या टाक्या बांधून माझ्याबरोबर निघाला.

ते गाव पाहताना मी हरखून गेले होते. चुन्याच्या उंच पांढऱ्या भिंती, काळी कौलं, दारांवर लाकडी कोरीवकाम, नजर लागू नये म्हणून चौकटीवर लावलेले छोटे आरसे. बाकीचे पाहुणे कंदिलांचे फोटो काढत होते. अण्णा मात्र गल्लीत उकिडवे बसून फरसबंदीवरून हात फिरवत होते. मधल्या दगडांमध्ये गल्लीभर एक खोलगट रेघ गेली होती. अण्णा म्हणाले, "हितनं एका चाकाची गाडी चालत हुती. दोन चाकं असती, तर दोन चाकोऱ्या पडल्या असत्या."

आमच्याबरोबरच्या दुभाष्याने हे तिथले मुख्य पाथरवट छेन यांना सांगितलं. तेही अण्णांच्याच वयाचे. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि थेट आपल्या परसात नेऊन पडवीत ठेवलेली आजोबांची ढकलगाडी दाखवली. मधोमध एकच मोठं लाकडी चाक. मग ते दोघे कायम बरोबर दिसू लागले. एक कानडीत बोलायचा, दुसरा चिनीत, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा होता. पहिल्याच पायरीशी अण्णांनी चपला काढल्या. थंडी कडाक्याची होती. डोक्यावर केसांची गाठ बांधलेल्या, निळ्या झग्यातल्या तिथल्या साधूने, याची गरज नाही असं सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "देवाचा डोंगर हाय. आन पाय बी बघत्यात की, पायरी कशी हाय ती."

पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध थाळीसारख्या झिजल्या होत्या. पाणी साचायचं, भाविक घसरायचे. कामावरच्या तरुण इंजिनिअरने असा झिजलेला एक टप्पा काढून यंत्रावर कापलेले नवे दगड बसवायचं ठरवलं होतं. नवे दगड कडेला रचूनही ठेवले होते. अण्णांनी मला विचारायला लावलं, की जुन्या पायऱ्या पालथ्या का घालत नाहीत? खालच्या बाजूला तर कुणाचा पाय लागलेला नाही.

इंजिनिअर सभ्य होता, पण त्याला वरच्या अधिकाऱ्यांच्या तपासणीची धास्ती होती. जुना दगड उचलताना दुभंगला तर, असं तो म्हणाला. शेवटी त्याने एक दिवस दिला आणि तीन पायऱ्या दिल्या.  परक्या देशातला पवित्र दगड आमच्या हातून मोडला, तर तोंड कुठे लपवायचं? मी हे अण्णांना बोलून दाखवलं. त्यांनी तिन्ही दगड ऐकून घेतले, मान हलवली आणि पहार मागितली.

छेन, त्यांच्या हाताखाली दगड घडवणारी त्यांची मुलगी आणि अण्णा यांनी मिळून पहिली पायरी उलटली. खालची बाजू ओबडधोबड, पण निकोप. टाकीने सारखी करून दुपारच्या आत ती बसलीसुद्धा. दुसरीचंही तसंच झालं. तिसरी उलटली आणि सगळे तिच्यावर वाकले. तिची खालची बाजूही मधोमध झिजलेली, गुळगुळीत होती. फार पूर्वी कुणीतरी ती एकदा पालथी घातली होती.

छेन खाली बसले, त्या खळग्यावर तळहात फिरवत हळूहळू काही बोलले. दुभाष्याने सांगितलं, त्यांचे आजोबा हेच करायचे. छेन यांनी ते या कामाच्या बैठकीतही सांगितलं होतं, पण कुणी टिपून घेतलं नव्हतं. इंजिनिअरने वाकून तो खळगा स्वतः चाचपून पाहिला. मग त्याने निर्णय दिला. ज्या पायऱ्या उलटता येतील त्या सगळ्या उलटायच्या, दोन्हीकडून झिजलेल्याच तेवढ्या बदलायच्या.

उतरताना अण्णा मला म्हणाले, "घरच्याचं कुणी ऐकत न्हाय, मॅडम. पावण्याचं ऐकत्यात. म्हणून पावण्यानं घरच्याचंच बोलावं."

 परतीच्या विमानात ते दोनदा म्हणाले, की छेन यांच्या मुलीचा टाकीवर हात फार छान बसलाय. वळसंगला गेल्यावर आठवड्याभरात त्यांनी आपल्या धाकट्या लेकीच्या, महादेवीच्या, हातात टाकी दिली. ही काय बायकांची कामं आहेत का, म्हणून भावकीत कुजबुज झाली. अण्णांनी तिला दगड ऐकायला शिकवलं. तीन वर्षं ती आपल्या अप्पांच्या शेजारी बसून दगड घडवत होती.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. छातीत कळ आली, सोलापूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही. वळसंगमधल्याच एका देवळाच्या पायऱ्यांचं त्यांचं काम तेव्हा अर्ध्यावर होतं. आता माणूस कुठून आणायचा, त्यापेक्षा वरून फरशी ठोकू, असं ठेकेदार मला सांगत होता. त्याचं बोलणं चालू असतानाच महादेवी हत्यारांची पिशवी घेऊन आली. अण्णांचा तेरावा होऊन दोनच दिवस झाले होते.

तिने आम्हा दोघांकडे पाहिलंही नाही. अण्णांनी बसवलेल्या शेवटच्या पायरीशी गेली, तिच्यावरून तळहात फिरवत मला म्हणाली, "मॅडम, ही बसवली तवा अप्पांचा हात थरथरत हुता. हिचं पाणी पुढं न वाहता मागं सांध्यात मुरंल. काढून परत बसवू."

ती पायरी तशीच राहू द्यावी, असं मला फार वाटलं. तरी मी पाणसळ लावून पायरीचा उतार पाहिला. ती केसभर मागे कललेली होती. महादेवीने पहार घातली, मी दुसरी बाजू धरली आणि आम्ही ती पायरी काढली.