श्रीपादकाकांची दुसरी घंटा

आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत श्रीपादकाकांना सगळे टरकून असतात ते त्यांच्या घंटेमुळे. शाळाशाळांच्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये वेळ पाहण्याचं काम काका वर्षानुवर्षं करत आले. पहिली घंटा म्हणजे आवरा, दुसरी म्हणजे बसा. टेबलावरची ती पितळी घंटा वरून दाबली की टण्णकन वाजते. एकदा बक्षीस समारंभात पाल्हाळ लावणाऱ्या प्रमुख पाहुण्यांवरही त्यांनी ती वाजवली. पाहुणे बसले. त्या शाळेने काकांना पुन्हा बोलावलं नाही, पण मला विचाराल तर काकांचंच बरोबर होतं.

अशा माणसाच्या वरच्या मजल्यावर क्षिप्रा राहते, हे देशाचं नशीब. क्षिप्रा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. मग राजकारणात पडली आणि राज्यसभेची खासदार झाली. हुशारीबद्दल शंकाच नको. पण तास घेण्याची सवय कशी जाणार? तिथे शून्य प्रहरात बोलायला तीन मिनिटं मिळतात, ती संपली की माइक बंद. बाईंनी पहिल्या भाषणात आधी व्याख्या सांगितली, मग इतिहास, आणि "आता मूळ मुद्द्याकडे वळते" म्हणेपर्यंत माइक गेला. आम्हाला टीव्हीवर नुसते ओठ हलताना दिसले.

पुढच्या अधिवेशनाआधी ती मुकाट्याने काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, या वेळी मागणी पोचलीच पाहिजे. घरी बसून काम करणाऱ्या बायका सरकारी पाहणीत कामकरी म्हणून धरल्याच जात नाहीत. मोजल्याच नाहीत तर त्यांच्यासाठी योजना तरी कुठून येणार?"

"ये आत. घंटा काढतो," काका म्हणाले.

मग रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. आतल्या खोलीत सरोजकाकूंचं शिलाई मशीन चालू असायचं. काका ओरडायचे, "सरोज, मशीन थांबव जरा. इथे देशाचं काम चाललंय!" काकू बिचाऱ्या थांबवायच्या.

या मशीनबद्दल सांगायलाच हवं. निम्म्या नौपाड्याच्या साड्यांना फॉल-पिको काकू करतात. काकांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, तेव्हा दुसरी नोकरी लागेपर्यंत हे घर त्याच मशीनवर चाललं. काकांना हे पक्कं ठाऊक आहे. तरी कोणी विचारलं की म्हणणार, "मिसेस घरीच असतात." माझं डोकंच फिरतं. बरं, काकूही तेच म्हणतात. आमच्या इथल्या सगळ्याच बायका तेच म्हणतात.

क्षिप्राचं भाषण दर वेळी लांबायचं. टण्ण. पुन्हा पहिल्यापासून. टण्ण. शेवटी काकांनी फर्मान काढलं, "ती मानपाड्याची नंदा काढून टाक. आकडे आहेत की भरपूर."

नंदा ही डोंबिवलीला मानपाड्यात राहणारी बाई. कारखान्यातून आणलेले प्लग घरी बसून जोडते. पाहणीवाल्याने विचारलं, तुम्ही काय करता? ती म्हणाली, "काय नाय, घरीच असते." आणि हे सांगताना तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर चालूच होता.

क्षिप्राने तो भाग पुन्हा वाचून दाखवला, तसं मधेच सुरू झालेलं आतलं मशीन थांबलं. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नंदा राहू दे गं. आकडे काढ," त्या म्हणाल्या. "गेल्या वेळी पाहणीला आलेल्या माणसाला मीसुद्धा हेच सांगितलं. मशीनवर बसून. आत्ता ऐकलं आणि फार वाईट वाटलं."

काकांनी घंटा बाजूला सरकवली. क्षिप्राने आकडे काढले.

भाषणाच्या दिवशी अख्खी सोसायटी काकांच्या टीव्हीपुढे. क्षिप्राने सुरुवातच नंदापासून केली आणि मागणीवर संपवलं. पाहणीला येणाऱ्याने "काय करता" एवढ्यावर थांबू नये, "घरी बसून कुठलं काम करता" हेही विचारावं, असं म्हणून ती खाली बसली, तेव्हा माइक चालू होता. "वेळेत! वेळेत बसली!" काका सोफ्यावरून उडालेच. काकूंनी सगळ्यांना शिरा दिला. सरकार पुढे काय करेल ते सरकार जाणे, पण मागणी पोचली.

काही महिन्यांनी खरंच एक पाहणीवाली मुलगी काकांकडे आली. मी पेपर परत करायला गेलो होतो, तो तिथेच रेंगाळलो. प्रश्न मात्र जुनाच होता, घरात कोण काय करतं?

"मी रिटायर्ड," काका ऐटीत म्हणाले. "मुलगा बंगळूरला. मिसेस घरीच अस—"

टण्ण!

काकू टेबलापाशी उभ्या होत्या, हात घंटेवर. काका गोरेमोरे झाले.

"ही पहिली होती," काकू म्हणाल्या. "अजून वेळ आहे तुम्हाला. नीट सांगा."

काकांनी घसा खाकरला. "सरोज काम करते. फॉल-पिको. लग्नापासून करते. माझी कंपनी बंद पडली तेव्हा घर हिनेच चालवलं. मी ते कधी कुणाला..."

"काका, एवढं लिहायला जागा नाहीये इथे," मुलगी म्हणाली.

"नसू दे," काका म्हणाले आणि पुढे सांगत राहिले. साड्यांचे ढीग, दिवाळीतली जागरणं, हिच्या दुखऱ्या पाठीचं सगळं. चांगलंच पाल्हाळ लावलं त्यांनी. काकू हात घंटेवर ठेवून ऐकत होत्या.

दुसरी घंटा त्यांनी वाजवलीच नाही.